भिंतीआधी कागद

घर घेणाऱ्याला संरक्षण देणारा रेरा कायदा २०१६ साली झाला आणि पुढच्या वर्षीच्या १ मेपासून महाराष्ट्रात महारेराचे काम सुरू झाले. त्या कायद्यातली दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत. चौदाव्या कलमाप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यात किंवा कामाच्या दर्जात दोष आढळला, तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. अठराव्या कलमाप्रमाणे जमिनीच्या मालकीहक्कात खोट निघून ग्राहकाचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई द्यायची, आणि या दाव्याला मुदतीच्या कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे खांबाची हमी पाच वर्षांची आणि हक्काची हमी कायमची. हा फरक मसुदा लिहिणाऱ्याच्या हातून सहज झालेला नाही. घर घेण्यापूर्वीची चौकशी म्हणजे कागदाची चौकशी, ही आपल्याकडची समजूत फार जुनी आहे. सातबारा, मिळकत पत्रिका, इंडेक्स टू, सर्च रिपोर्ट, भोगवटा प्रमाणपत्र ही नावे घर घेऊ पाहणाऱ्या कोणालाही तोंडपाठ असतात. ज्या तुळईखाली तो झोपणार तिची चौकशी मात्र रंग आणि उजेड पाहण्यापलीकडे क्वचित जाते. याचे खापर गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर फोडणे सोपे आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. ही रीत पडली तेव्हा ती शहाणपणाची होती, कारण त्या काळी भिंत सगळ्यांना दिसत होती आणि हक्क कोणालाच दिसत नव्हता. पुढे बांधकाम पालटले, घराचा सांगाडा गिलाव्याखाली गेला, आणि चौकशी मात्र जिथल्या तिथेच राहिली.

मराठेशाहीतल्या खरेदीपत्रांकडे पाहिले की त्या काळच्या घेणाऱ्याला कशाची धास्ती होती ते कळते. पत्रात चतुःसीमा असते: पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस देऊळ, उत्तरेस तमक्याचा परडा. विकणाऱ्याचे भाऊबंद साक्षीला असतात, पाटील-कुलकर्णी असतात, गावचे वतनदार असतात आणि ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या नावापुढे निशाणी करतो. पाटलाच्या नावापुढे नांगर असतो. तंटा झाला तर गोत बसे, जाणत्या म्हाताऱ्यांना विचारले जाई आणि महजर होई. या सगळ्या खटाटोपाचा रोख एकाच प्रश्नाकडे असे: विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार होता का, आणि उद्या त्याचा पुतण्या दारात येऊन उभा राहिला तर गाव काय म्हणेल? इनामपत्रांत तर जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण आणि पुरून ठेवलेले धन इथवर सगळ्यांवरचा हक्क शब्दाशब्दाने मोजून दिलेला असतो. वस्तू कशा स्थितीत आहे, हे मात्र या दस्तांतून सहसा कळत नाही. पेशवाईतल्या पुण्यात कोतवालाच्या कामांत रस्ते, बोळ आणि घरे यांचे तंटे येत, जागांच्या विक्रीवर देखरेखही त्याची असे. तिथेही प्रश्न हद्दीचा, वहिवाटीचा, पागोळ्यांचे पाणी कोणाच्या अंगणात पडते याचा. सरकारने विक्रीत लक्ष घातले ते हक्क ठरवण्यापुरते, इमारत तपासण्यासाठी नव्हे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की कागदात नाही म्हणून तपासणी होत नव्हती असे थोडेच आहे? सुतार-गवंडी बरोबर नेऊन घर पाहण्याची चाल नसेल कशावरून? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तरच माझ्या म्हणण्याचा आधार आहे. जुन्या वाड्याची रचना आठवून पाहावी. दगडी जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि वर तक्तपोशी. भार वाहणारे जवळजवळ प्रत्येक लाकूड चौकात उभे राहून डोळ्यांनी दिसे. तळखडा मुळात खांबाला जमिनीच्या ओलीपासून वर उचलून धरण्यासाठी, त्यामुळे खांबाच्या बुडाशी काय चालले आहे हे वाकून पाहिले की कळे. वाळवीची मातीची रेघ लाकडावर चढलेली दिसे. बोटाच्या पेराने वाजवले तर भरीव खांब एक बोलतो आणि आतून पोखरलेला दुसरेच. तुळईचे जे टोक भिंतीत शिरते तेच आधी कुजते, कारण भिंतीची ओल तिथे कोंडते. म्हणून जाणता सुतार मधला भाग सोडून टोकाशी पटाशी टोचून पाहील. भिंत कच्च्या विटांची किंवा पांढरीच्या मातीची असेल तर तिचा पोट सुटलेला भाग ओळंब्याशिवायही लक्षात येई. शिवाय विकत घेणारा बहुधा त्याच गावचा, निदान त्याच पंचक्रोशीतला. घर कोणी बांधले, कोणत्या पावसाळ्यात कोणती भिंत बसली, हे त्याला ठाऊक असे. जे उघड दिसते आणि सगळ्यांना माहीत आहे, ते दस्तात लिहिण्याची गरज कोणालाच भासत नाही. तपासणी होत असे, पण ती इतकी सहज होती की तिच्यासाठी वेगळा माणूस, वेगळे शुल्क आणि वेगळा कागद कधी निर्माण झाला नाही. पुढे याच गोष्टीची किंमत मोजावी लागली.

दुसरा आक्षेप वास्तुशास्त्राच्या बाजूने येतो. आपल्याकडे घराची परीक्षा करण्याचे सबंध शास्त्र होते, मग तपासणीची परंपरा नव्हती असे कसे म्हणता? वास्तुविद्येच्या ग्रंथांत जमिनीची परीक्षा आहेच, आणि तिचा काही भाग आजच्या इंजिनिअरलाही पटेल असा आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीत हातभर खड्डा खणून तीच माती पुन्हा त्यात भरायला सांगितली आहे. माती उरली तर जमीन चांगली, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. माती किती घट्ट बसलेली आहे याची ही साधी आणि अक्कलहुशारीची चाचणी आहे. पण ती रिकाम्या जागेची परीक्षा आहे. बांधणाऱ्याने बांधण्यापूर्वी करायची. दुसऱ्याने बांधलेले, चाळीस वर्षे वापरलेले घर विकत घेताना काय पाहावे, हा प्रश्न त्या शास्त्रापुढे जवळजवळ नव्हताच. अलीकडच्या काळात वास्तुशास्त्राचा जो बाजार फ्लॅटच्या व्यवहारात शिरला, त्याने दिशा तेवढ्या उचलल्या आणि खड्डा सोडून दिला. दार कोणत्या दिशेला आहे हे होकायंत्र घेऊन पाहणारे गिऱ्हाईक त्याच दाराच्या चौकटीवरची तिरकी भेग पाहत नाही, हा विनोद नसून त्या शास्त्राच्या अर्धवट वापराचा परिणाम आहे.

इंग्रजी अमलात कागदाचे वजन आणखी वाढले, आणि त्याची कारणे खरी होती. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाला जन्मतःच हिस्सा. बापाने किंवा कर्त्याने विकलेले घर कायदेशीर गरजेसाठी विकले होते की चैनीसाठी, हा वाद पुढच्या पिढीत उभा राहू शके. हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १८५६ साली असे तत्त्व घालून दिले की पैसे देणाऱ्याने अशा गरजेची प्रामाणिक चौकशी केली पाहिजे. चौकशी केली असेल तर त्याला संरक्षण, नसेल तर त्याचे नशीब. १८९३ च्या वाटपाच्या कायद्यात राहत्या घरासाठी खास तरतूद आली: कुटुंबाबाहेरच्या माणसाने एका भावाचा अविभक्त हिस्सा विकत घेऊन वाटप मागितले, तर बाकीचे भाऊ योग्य किमतीला तो हिस्सा त्याच्याकडून परत घेऊ शकतात. घराची भिंत कितीही भक्कम असो, तिच्यामागे कोण कोण भाऊ आहेत हे न पाहता पैसे मोजणारा मूर्खच ठरला असता. १८६४ पासून दस्तनोंदणीचे कायदे आले, त्यांचा आजचा अवतार १९०८ चा. शंभर रुपयांवरच्या स्थावराच्या विक्रीचा दस्त नोंदवणे सक्तीचे झाले. नोंदणी कार्यालयातल्या चार सूचींपैकी पहिली माणसांच्या नावांची आणि दुसरी मिळकतींची. हीच दुसरी सूची म्हणजे आपला इंडेक्स टू. मग १९२९ मध्ये मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात एक स्पष्टीकरण घातले गेले, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत परिणामकारक ओळ तीच. नोंदलेला दस्त घेणाऱ्याने वाचला आहे असे कायदा यापुढे धरून चालेल. त्याने तो पाहिला की नाही हा प्रश्नच उरला नाही. न वाचलेल्या कागदाचाही भार खरेदीदारावर पडू लागला, तेव्हा वकिलाकडून तीस-तीस वर्षांचा सर्च करून घेणे हा घर घेण्याचा अपरिहार्य विधी झाला. नंतरही ही यादी वाढतच गेली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संसदेने २००५ मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांइतका हक्क दिला, आणि संमतीच्या सह्यांत सासरी गेलेल्या बहिणींच्या सह्या आल्या. फार उशिरा आल्या, एवढेच म्हणता येईल. गोव्यात तर पोर्तुगीज दिवाणी कायद्याच्या वारशामुळे पती-पत्नींची मिळकत सामाईक धरली जाते, म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही नसेल तर व्यवहार पुढे सरकत नाही.

याच १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने, जो मुंबई इलाख्यात १८९३ पासून लागू झाला, विकणाऱ्यावर एक कर्तव्य टाकले होते: मिळकतीत किंवा मालकीहक्कात जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साध्या काळजीने त्याला तो सापडणारही नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. कलमात मिळकत आणि हक्क दोन्ही बरोबरीने आहेत. कागदावर कायदा समतोल आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण साध्या काळजीने सापडणारा दोष म्हणजे कोणता, हे वाड्याच्या काळात ठरवणे सोपे होते. वाळवी लागलेला खांब दिसत होता, तो पाहिला नाही तर चूक घेणाऱ्याची. खरेदीखतात तेव्हापासून एक वाक्य ठरून गेले, जे आजही सर्रास असते: लिहून घेणार यांनी सदर मिळकत समक्ष पाहून, तिची खात्री करून घेतली आहे. मिळकत निर्वेध आणि बिनबोजाची असल्याची हमी लिहून देणार देतो, तिच्या स्थितीची खात्री मात्र लिहून घेणार स्वतःच्याच सहीने करतो. अख्ख्या दस्तात घराच्या तपासणीविषयी एवढी एकच ओळ असते, आणि तीही तपासणी झाल्याचे कबूल करून घेणारी.

घरात शिरून भिंत, मोरी, उजेड, वारा पाहण्याचे काम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाले ते खरेदीसाठी नव्हे, प्लेगसाठी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर यू.एच.एच. ही अक्षरे रंगवली गेली आणि १८९८ मध्ये दाट वस्त्या मोडून नवे रस्ते व वसाहती आखण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या हाताखाली सैनिकांनी घराघरांची झडती घेतली, त्याचा शेवट काय झाला हे मराठी वाचकाला सांगायला नको. घराची तपासणी म्हणजे सरकारची दंडेली, देवघरापर्यंत पोचलेला बूट, ही आठवण या समाजात कोरली गेली. तिचा खरेदीच्या रीतीवर नेमका किती परिणाम झाला हे मोजता येणार नाही आणि मी तसा दावाही करत नाही. मात्र घर आरोग्याच्या दृष्टीने कसे पाहावे याचे जे ज्ञान त्या काळात पालिकेच्या आरोग्य खात्यात जमा झाले, ते विकत घेणाऱ्यापर्यंत कधी उतरले नाही, एवढे खरे.

मग १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. मुंबईतली भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली, आणि तिथून जुन्या इमारतीच्या किमतीचे गणितच उलटे झाले. भाड्यातून दुरुस्तीचाही खर्च निघेना, तेव्हा मालकाने दुरुस्ती सोडली. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ नेमून उपकर बसवावा लागला; त्या उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. चाळीतली खोली पागडीवर हातोहात जाई, आणि पागडीचा भाव ठरे तो गल्लीवरून, स्टेशनवरून, भाडेपावती कोणाच्या नावावर आहे यावरून. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या बांधणीच्या वाड्यांची ताकद एका दिवसात उघडी पडली. तरी पुढच्या दशकांत वाडा विकत घेणारा भिंती पाहायला आला नाही. तो बिल्डर होता. त्याला हवी होती जमीन, मोजायचे होते भाडेकरू, आणि भिंत त्याच्या लेखी पाडण्याच्या खर्चाची बाब होती. आज पुनर्विकासाच्या आशेवर जुन्या इमारतीतला फ्लॅट घेणारे तेच करतात. इमारत जितकी खिळखिळी, तितका नवा टॉवर जवळ, असा हिशेब मांडला जातो, आणि धोकादायक म्हणून पालिकेने दिलेली नोटीस दलालाच्या तोंडी शिफारशीसारखी येते. जमिनीने घर गिळलेल्या बाजारात घराची तपासणी करणारा माणूस पोट कसा भरणार?

भाड्याने देण्यात राम उरला नाही म्हणून बांधणारे विक्रीकडे वळले आणि मालकी हक्काचे फ्लॅट, ज्यांना तेव्हा ओनरशिप म्हणत, झपाट्याने उभे राहू लागले. त्यातली फसवणूक रोखण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्राने ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा केला. देशात या विषयावरचे हे फार लवकरचे पाऊल, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. निदान तीन वर्षे वकिली केलेल्या वकिलाने प्रमाणित केलेला मालकीहक्काचा दाखला दाखवा, मंजूर नकाशे दाखवा, मागितल्यास रचनेचा आणि वापरायच्या सामानाचा तपशील सांगा, असे त्याने बिल्डरला बजावले. सामानाचा उल्लेख आहे, हे माझ्या म्हणण्याविरुद्ध जाते का? फारसे नाही. दाखला वकिलाचा हवा असे कायदा म्हणतो, काँक्रीट सांगितल्याप्रमाणे पडले असा दाखला गिऱ्हाइकाच्या हातात देणारा इंजिनिअर त्याने मागितला नाही. आणि तो काळ कोणता होता? सिमेंट नियंत्रणात होते, परवान्यावर मिळत होते. १९८२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावे लागले, ते बिल्डरांना दिलेल्या सिमेंटच्या कोट्यावरून. ज्या मालाच्या पोत्यापोत्यासाठी राज्य हादरले, तो आपल्या तुळईत किती पडला हे त्या वर्षांतल्या फ्लॅटधारकाला विचारावेसे वाटले असते तरी उत्तर देणारे कोणी नव्हते. शिवाय घर विकले जाई तेव्हा ते अस्तित्वातच नसे. नकाशावरच्या चौकोनाची भिंत कोण वाजवून पाहणार? पाहण्याजोगा होता तो फक्त कागद, म्हणून कागदाची सवय आणखी पक्की झाली.

आता या काँक्रीटकडे जरा जवळून पाहू, कारण इथेच वाड्याचे शहाणपण निकामी होते. आरसीसीच्या खांबात भार पेलण्याचे काम लोखंडी सळ्या आणि काँक्रीट मिळून करतात. सळईवर काँक्रीटचे आवरण असते, खांबाला ते ४० मिलिमीटर असावे असे भारतीय मानक सांगते. ताज्या काँक्रीटचा गुण अल्कधर्मी, त्यामुळे आतली सळई गंजत नाही. वर्षे जातात तशी हवेतला कर्बवायू आत मुरतो, तो गुण कमी होत जातो. समुद्रकाठी खाऱ्या हवेतले क्षार भर घालतात. एकदा गंज धरला की सळई फुगते, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि आवरणाला सळईच्या रेषेतच भेग पडते. त्या वेळेपर्यंत आतले बरेच काम झालेले असते. हे पाहण्याची साधने दुर्मीळ नाहीत. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फेनॉल्फ्थॅलीनचे द्रावण शिंपडले, तर निरोगी भाग गडद गुलाबी होतो आणि कस गेलेला भाग बिनरंगी राहतो. गुलाबी रेषा सळईच्या किती जवळ आली आहे यावर त्या खांबाचे उरलेले आयुष्य बरेचसे कळते. हातोडीसारखे उपकरण आपटून पृष्ठभागाची कठीणता मोजता येते, ध्वनिलहरी पाठवून आतली पोकळी कळते. यातले काहीही घर दाखवायला नेलेल्या माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला दिसतो विक्रीआधी दिलेला नवा रंग, जुन्या लाद्यांवर बसवलेल्या नव्या लाद्या आणि छताखाली टांगलेले पीओपीचे दुसरे छत. साध्या काळजीने सापडणारा दोष या शब्दांना वाड्यात जो अर्थ होता तो इथे उरलेला नाही, पण कलम तेच आहे आणि खरेदीखतातली ओळही तीच.

बँकेने तरी पाहिले असेल, अशी समजूत घरकर्ज घेणाऱ्यांत सर्वत्र असते. १९७७ मध्ये एचडीएफसी स्थापन झाली आणि मध्यमवर्गाला घरासाठी कर्ज मिळण्याची वाट रुळली. बँक दोन माणसे पाठवते: एक वकील, एक मूल्यमापक. वकील सर्च करतो. मूल्यमापक किंमत सांगतो, म्हणजे उद्या कर्ज बुडाले तर या जागेचे किती येतील ते. इमारत किती वर्षे टिकेल याचा त्याचा अंदाज बहुधा वयावरून काढलेला असतो. तारण सांभाळणे एवढेच बँकेचे काम असल्याने यात तिची चूक नाही. चूक आहे ती तिच्या अहवालाला आपली तपासणी समजणाऱ्याची. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हा फरक चटकन कळतो. तिथे होम इन्स्पेक्टर हा वेगळा धंदा आहे, त्यांची संघटना १९७६ मध्येच उभी राहिली, आणि तपासणीत काही निघाले तर माघार घेण्याची मुभा खरेदीच्या करारातच सर्रास घातली जाते. अर्थात तिथे बहुतेक घर स्वतंत्र, लाकडी सांगाड्याचे आणि छपरापासून पायापर्यंत एकाच मालकाचे. आपल्या परिस्थितीवर तो नमुना जसाच्या तसा बसणार नाही.

सर्वांत जड आक्षेप याच्याही पुढचा आहे. कागदाची धास्ती निराधार आहे का? वरळीच्या कॅम्पा कोला आवारातले रहिवासी आठवा. इमारती १९८० च्या दशकातल्या, भिंती शाबूत, पण मंजुरीपेक्षा कितीतरी वरचे मजले बेकायदा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते पाडण्याच्या बाजूने निकाल दिला तेव्हा चांगल्या घरात राहणारी माणसे रस्त्यावर येण्याची वेळ आली. मला हा दाखला मान्य आहे. कागद सोडा असे मी म्हणतच नाही. पण त्याच वर्षी, ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसे गेली. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत जेमतेम दहा वर्षांची असताना पत्त्यांसारखी बसली, १६ जण मेले. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साई सिद्धी पडली, १७ जण मेले; तळमजल्यावर चाललेली तोडफोड तिथे कारण ठरली. कॅम्पा कोलाच्या रहिवाशांना भांडायला तरी वेळ मिळाला. हक्काच्या खोटीवर न्यायालय आहे, स्थगिती आहे, सरकारकडे अर्ज आहे. खांबाच्या खोटीवर अपील नाही.

एकट्या फ्लॅटच्या खरेदीदाराने अख्ख्या इमारतीची तपासणी कशी करावी, हा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. तो विकत घेतो सहाशे चौरस फूट, आणि त्याचे आयुष्य अवलंबून असते तळमजल्यावरच्या दुकानातल्या खांबावर. त्या खांबाला छिन्नी लावण्याची परवानगी त्याला कोणी देणार नाही. पण महाराष्ट्रात या प्रश्नाचे अर्धे उत्तर लिहून ठेवलेले आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. मुंबईत पालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाने तीस वर्षांपुढच्या इमारतीला स्थैर्याचा दाखला सक्तीचा केला आहे. बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात जमा व्हावा असेही उपविधी सांगतात. ऑडिट झाले आहे का, कोणत्या साली, अहवालात कोणते खांब लाल शेऱ्याचे आहेत, त्यांची दुरुस्ती झाली की ठराव होऊन पडून राहिली, फंडात प्रत्यक्ष किती शिल्लक आहे, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमखालचे छत दाखवता का: हे प्रश्न सेक्रेटरीकडे तासाभरात विचारता येतात आणि त्यांची उत्तरे कागदावरच असतात. कागद वाचण्यात तर आपण तरबेज आहोत. तरी पुनर्विक्रीच्या व्यवहारात सोसायटीकडे मागितले जाते ते शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला आणि ना हरकत पत्र. ऑडिटचा अहवाल कपाटात राहतो, कारण तो मागायची रीत अजून पडलेली नाही. वकिलाच्या यादीत तो नाही, बँकेच्या यादीत तो ठळकपणे नाही आणि दलालाला तर तो नकोच आहे.